घास अडणाऱ्या लेकराला खायला शिकवताना

दीड-दोन वर्षांचं लेकरू, आणि जेवण अजून पेज नि दूध. भाकरीचा कण जिभेवर आला की उमासे काढतं, खिचडीतला एखादा दाणा लागला तरी जिभेनं बाहेर ढकलतं, नाहीतर घास गालात धरून बसून राहतं. लातूर-बीड-परभणीकडच्या आया हे सांगायला येतात तेव्हा पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं: "लई हट्टी झालंय हो, खातच नाही." त्यावर आजीचं: "दात आलेत की सगळे, मग चावंना का?"

दात आले म्हणून चावता येत नाही. जबडा वरखाली आणि थोडा गोल फिरावा लागतो, जिभेनं घास कडेला दाढांच्या जागी न्यावा लागतो, गालानं तो तिथं धरावा लागतो, ओठ मिटावे लागतात. मग सगळं गोळा करून मागं न्यायचं आणि गिळताना क्षणभर श्वास थांबवायचा. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा होऊन हालचाल बिघडणं) असलेल्या लेकरात स्नायू कडक नाहीतर सैल असतात, डाऊन सिंड्रोममध्ये सैल असतात. टाळूला फट असेल तर अन्न नाकात चढतं. फार आधी जन्मलेल्या, बरेच दिवस नाकातल्या नळीनं दूध घेतलेल्या लेकराला तोंडात काही येणंच नकोसं वाटतं. यातल्या कुणालाही हट्टी म्हणणं म्हणजे लंगडणाऱ्याला आळशी म्हणणं.

पुढचं सगळं साधारण १ ते ३ वर्षांच्या अशा लेकरांसाठी आहे. नुसते खाण्याचे नखरे करणाऱ्या धडधाकट पोरांसाठी नाही. क्रम असा ठेवा: आधी तपासणी, मग बैठक, मग चमचा, आणि पदार्थ त्यानंतर. घरोघर सुरुवात उलट्या टोकाकडून होते. "काय खाऊ घालू?" हा पहिला प्रश्न असतो आणि लेकरू कसं बसलंय याकडे कुणाचं लक्षच नसतं.

आधी हे बघा

गिळलेलं अन्न-पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जात असेल तर घरी प्रयोग करायचे नाहीत. खाताना-पिताना वरचेवर ठसका, डोळ्यांत पाणी, चेहऱ्याचा किंवा ओठांचा रंग बदलणं, जेवणानंतर आवाज ओला, घशात पाणी साचल्यासारखा येणं, छातीत घरघर, पुन्हा पुन्हा न्यूमोनिया: यातलं काहीही असेल तर आधी बालरोगतज्ज्ञ. काही लेकरांना अन्न चुकीच्या नळीत जाऊनही ठसका लागत नाही, कारण तिथली जाणीवच मंद असते. म्हणून "ठसका नाही म्हणजे सगळं ठीक" असं धरू नका. कारण न सापडणारा ताप आणि वरचेवर भरणारी छाती हाही तोच इशारा असू शकतो. शंका असेल तर मोठ्या रुग्णालयात बेरियम मिसळलेलं अन्न गिळायला देऊन एक्स-रेवर बघायची तपासणी होते. तिला व्हिडिओफ्लुरोस्कोपी म्हणतात.

एका जेवणाला नेहमीच अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो, महिनोन्‌महिने वजन हलत नाही, जेवणाच्या नावानं लेकरू रडतं, ही लक्षणंही साधी नाहीत. फिट येणारं लेकरू असेल तर फिट चालू असताना आणि त्यानंतर पूर्ण जागं होईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंबसुद्धा घालू नका. औषधानं पेंगत असेल तरी हेच. त्याच्या जागेपणाच्या वेळा बघून जेवणाच्या वेळा बसवा.

बैठक: निम्मं काम इथंच होतं

आपल्याकडची जुनी रीत अशी. आई किंवा आजी भिंतीला टेकून पाय लांब करते, लेकरू मांडीवर आडवं, त्याची मान कोपरावरून मागं लवंडलेली, आणि वरून बोंडल्यानं नाहीतर चमच्यानं ओतायचं. धडधाकट लेकरू यातूनही निभावून नेतं. ज्याचं गिळणं कच्चं आहे त्याच्यासाठी मात्र हीच सगळ्यात धोक्याची बैठक. मान मागं टाकून आढ्याकडे बघत स्वतःची थुंकी गिळून बघा. किती जोर लागतो ते कळेल. शिवाय मान मागं असली की पातळ अन्न जिभेनं धरायच्या आत आपोआप घशात उतरतं, आणि तेव्हा श्वासनलिका उघडीच असते.

हवी ती बैठक अशी: कंबर टेकलेली आणि काटकोनात, गुडघे काटकोनात, तळपाय कशावर तरी टेकलेले, नाक आणि बेंबी एका रेषेत, हनुवटी छातीकडे किंचित झुकलेली. पाय टेकलेले हवेत यावर घरात हमखास हसतात. "खायचं तोंडानं, पायाचं काय?" पण लटकत्या पायांनी बसलेल्या लेकराची सगळी ताकद तोल सांभाळण्यात जाते. त्या अवस्थेत घास चावणं म्हणजे झोक्यावर बसून सुईत दोरा ओवणं.

यासाठी महागडी खुर्ची लागत नाही. भिंतीचा कोपरा घ्या. लेकराची पाठ कोपऱ्यात, दोन्ही बाजूंना वाकळेच्या (गोधडीच्या) घट्ट गुंडाळ्या, मांड्यांमध्ये टॉवेलची जाड वळी म्हणजे पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकत नाहीत, आणि गुडघ्याखाली एक छोटी उशी. लहान प्लास्टिकची खुर्ची असेल तर कमरेच्या दोन्ही बाजूंना टॉवेल खोचा, ओढणीनं कमरेला (पोटाला नाही) सैलसर बांधा, पायाखाली पाट किंवा विटा ठेवा. मांड्या पुढं घसरत असतील तर खुर्चीच्या पुढच्या कडेला, मांड्यांखाली घडी घातलेलं फडकं ठेवा, म्हणजे बूड मागं राहतं. गावातल्या सुताराला कोपऱ्याची बैठक नि पुढं छोटा ओटा असं माप देऊन करून घेता येतं. माप मात्र थेरपिस्टकडून (बसणं-खाणं-गिळणं शिकवणाऱ्या तज्ज्ञाकडून) घ्या, नाहीतर दोन वर्षं पुरावी म्हणून मोठी करतात आणि लेकरू तिच्यात बुडून जातं.

कडक लेकराची खोड वेगळी, सैल लेकराची वेगळी. कडक लेकरू ताठ होऊन मागं धनुष्यासारखं वाकतं. त्याचे खुबे काटकोनापेक्षा थोडे जास्त वाकवले की ताठरपणा उतरतो. मान पुढं आणायला डोक्यामागून ढकलू नका, ते उलटा जोर लावून आणखी मागं जाईल. खांदे पुढं घ्या, मान मागोमाग येते. सैल लेकरू पुढं कोसळतं. त्याला पाठ किंचित मागं कललेली चालते, पण मान मागं पडता कामा नये, डोक्यामागं आधार हवाच.

भरवणाऱ्यानं समोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला किंवा थोडं खाली बसायचं. उभं राहून वरून घास दिला की ते वर बघतं आणि मान पुन्हा मागं.

जेवण झाल्यावर लगेच झोळीत टाकू नका. अर्धा तास तरी उभट ठेवा. कित्येक लेकरांना पोटातलं वर येतं, आणि तोंडाशी आलेलं ते आंबट पाणी जेवणाची भीती बसवतं.

तोंडाशी ओळख

ज्याला चमचा दिसला की उमासे येतात त्याच्या तोंडात लगेच काही घालायचं नाही. जेवणाच्या वेळेआधी, पोट रिकामं असताना पाच मिनिटं हात द्या. तळहातापासून सुरुवात करा, मग दंड, खांदा, गाल, मग ओठांभोवती. स्पर्श ठाम ठेवा. हलक्या बोटांनी गुदगुल्या होतात आणि लेकरू आणखी बिथरतं. गालावर कानाकडून ओठांकडे दाबत यायचं, वरच्या ओठावर बोट आडवं ठेवून हलकं दाबायचं. हे ते सहन करू लागलं की हिरड्यांच्या बाहेरच्या बाजूनं स्वच्छ बोट फिरवा. जीभ नंतर, आणि तीही फक्त पुढची. उमासा आला की बोट काढा, रागवू नका, उद्या तिथून थोडं अलीकडे थांबा. दातांत बोट आलं की जबडा गच्च आवळणारं लेकरू असेल तर तोंडात बोट घालूच नका.

सोबत हात खराब करू द्या. परातीत भिजवलेलं ज्वारीचं पीठ, पिकलेलं केळ, ताक-भात, काहीही. ज्याला बोटांना चिकट लागलेलं सहन होत नाही त्याला जिभेला लागलेलं कसं होईल? आजीला ही नासाडी बघवत नाही. तिला थेरपी आहे म्हणून सांगा.

आणि एक गोष्ट स्पष्टच लिहितो. लेकरू खात नाही म्हणून घशात बोट घालून पडजीभ उचलणाऱ्या बाईकडे नेऊ नका. तसंच नाक दाबलं की तोंड उघडतं ही म्हण दुसऱ्या कामासाठी ठेवा. नाक दाबून भरवलेल्या लेकराचा श्वास आणि घास एकाच वेळी आत ओढला जातो.

एक घास कसा द्यायचा

चमचा लहान, चपटा, उथळ. खोलगट चमच्यातलं अन्न ओढून घ्यायला वरच्या ओठात ताकद लागते आणि तीच या लेकरांत कमी असते. स्टीलचा चमचा दातांवर आपटतो आणि जबडा आवळला जातो, म्हणून जाड प्लास्टिकचा किंवा सिलिकॉनचा घ्या. पातळ प्लास्टिकचा नको, चावला तर तुकडा पडतो.

आता घास. चमच्याच्या टोकावर करंगळीच्या नखाएवढंच अन्न. समोरून, हनुवटीच्या उंचीवरून आणा आणि ओठांशी थांबा. त्याला दिसू द्या, वास येऊ द्या. तोंड उघडलं की चमचा जिभेच्या पुढच्या भागावर आडवा टेकवा आणि खाली हलकासा दाब द्या. बाहेर येणारी जीभ त्या दाबानं आत राहते. आता काही करू नका. दोन सेकंद, तीन सेकंद. वरचा ओठ खाली येण्याची वाट बघा. तो आला की चमचा सरळ बाहेर काढा. बहुतेक जण इथं चमचा वर उचलून वरच्या हिरडीवर अन्न खरवडून सोडतात. त्यानं घास आत जातो खरा, पण ओठ कधीच कामाला लागत नाही. मग गळ्याकडे बघा. घाटी वर जाऊन खाली आली म्हणजे गिळलं. तोंड रिकामं झालं का बघा आणि मगच पुढचा घास.

जबडा फारच उघडा पडत असेल तर हाताचा आधार लागतो. समोरून द्यायचा तर अंगठा खालच्या ओठाखाली हनुवटीवर, तर्जनी जबड्याच्या कडेनं, मधलं बोट वाकवून हनुवटीखाली. शेजारून द्यायचा तर लेकराच्या उजव्या बाजूला बसा, डावा हात त्याच्या मानेमागून पुढं आणा. अंगठा गालावर जबड्याच्या सांध्याशी, तर्जनी खालच्या ओठाखाली, मधलं बोट हनुवटीखाली. हा आधार आहे, दाबून तोंड मिटवणं नव्हे. एकदा थेरपिस्टकडून स्वतःच्या हनुवटीवर करून घ्या, म्हणजे किती जोर ते समजेल.

चमचा दातांत गच्च धरला तर ओढू नका. ओढलं की जबडा आणखी आवळतो. मान हलकेच पुढं घ्या, गालावर हात ठेवून थांबा, सुटेल.

पातळापासून भाकरीपर्यंत

मराठवाड्यातल्या लेकराचा पहिला घन पदार्थ म्हणजे दुधात कुस्करलेली भाकर, नाहीतर पातळ वरणात कालवलेला भात. गंमत अशी की गिळण्याच्या दृष्टीनं हे सगळ्यात अवघड पदार्थ आहेत. तोंडात एकाच वेळी पाणी आणि गोळे येतात. पाणी घशाकडे पळतं, गोळा चावायला मागं राहतो, आणि जीभ एकाच वेळी दोन कामं करू शकत नाही. चहात बुडवलेलं बिस्किटही त्याच जातीचं. घरच्यांना वाटतं मऊ आहे, सोपं असणार. आणि ठसका लागला की खापर लेकरावर.

म्हणून नियम एकच: एका घासात एकच पोत. चढत्या क्रमानं जा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. पोत बदलायचा तर चव ओळखीची ठेवा, नवी चव द्यायची तर पोत जुना ठेवा.

सालीची नव्हे, धुतलेली मूगडाळ घ्या आणि तांदळाची खिचडी नेहमीपेक्षा जास्त पाण्यात, जास्त शिट्ट्यांवर शिजवा. चमचाभर तूप. आता याच एका कुकरातून पहिल्या दोन पायऱ्या निघतात.

पहिली पायरी: मिक्सरमधून काढून चाळणीतून गाळा. एकही दाणा नको, आणि पातळही नको. चमचा तिरका केला की सगळा गोळा एकदम खाली पडला पाहिजे. ओघळला तर पातळ, चमच्याला चिकटून राहिला तर जास्त चिकट. चिकटपणा टाळूला लागून राहतो आणि तोही धोक्याचाच.

दुसरी पायरी: मिक्सर नाही, पळीनं किंवा काट्यानं घोटा. दाणे राहतील पण मऊ, ओलसर आणि एकमेकांना धरून. गिळण्याच्या आंतरराष्ट्रीय मोजमापात लहान मुलांसाठी या पायरीला २ मिलिमीटर रुंदीचे कण धरतात. जिभेनं टाळूवर दाबले की चिरडले पाहिजेत. बाजूला पाणी सुटलेलं नको.

तिसरी पायरी: मऊ फोडी. रताळं, लाल भोपळा, बटाटा, पिकलेली पपई. मुलांसाठी फोड ८ मिलिमीटरपेक्षा मोठी नको, म्हणजे साधारण तुमच्या करंगळीच्या नखाएवढी. काट्यानं दाबली, अंगठ्याचं नख दाबून पांढरं होईल इतक्याच जोरानं, तर चिरडून पसरली पाहिजे आणि परत फुगायला नको.

एका पायरीवर किती दिवस? काही लेकरं आठवड्यांत पुढं जातात, काही महिने काढतात. ठसका नाही, घास तोंडात उरत नाही आणि जेवण अर्ध्या तासात आटोपतं, असं सलग दिसायला लागलं की पुढची पायरी, तीही जेवणाच्या सुरुवातीच्या दोन-चार घासांपुरती. ताप-सर्दी असली की खुशाल एक पायरी खाली उतरा.

भाकर सगळ्यात शेवटी. गरम भाकरीचा पापुद्रा काढून आतला मऊ भाग घट्टसर वरणात किंवा पिठल्यात चांगला मुरू द्या आणि एकजीव कुस्करा. कोरड्या ज्वारीच्या भाकरीचा भुगा होतो, आणि भुगा तोंडात गोळा करणं चांगल्या चावणाऱ्यालाही जड जातं. अर्धापूरकडचं पिकलेलं केळ चांगलं, पण जास्त पिकलेलं चिकट होतं. थोडं दही घालून घोटा. मेथी-पालकाचे दोरे निघतात, बारीक वाटूनच घाला. वरणात तुरीची सालं राहिली असतील तर गाळा.

काही गोष्टी या लेकराच्या हाती लागू द्यायच्याच नाहीत: अख्खे शेंगदाणे, फुटाणे, लाह्या, द्राक्षं, डाळिंबाचे दाणे, बोरं, चिंचोके, सीताफळाच्या बिया, हरभऱ्याचे ओले घाटे. हुरड्याच्या दिवसांत शेतावर सगळे प्रेमानं दोन दाणे पुढं करतात. तिथं जरा वाईटपणा घ्या.

चावणं शिकवायचं ते कडेनं

जिभेच्या मधोमध घास ठेवला तर जीभ तो फक्त पुढं-मागं करते. तोच घास दाढेच्या जागी, गाल आणि हिरडीच्या मधे ठेवला की जीभ त्याला शोधायला कडेला वळते. चावण्याची सुरुवात ही आहे. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. जी बाजू कमजोर तिला थोडं जास्त.

सुरुवातीला मलमलच्या स्वच्छ फडक्यात पपईची किंवा उकडलेल्या रताळ्याची फोड गुंडाळा, टोक तुमच्या हातात घट्ट धरा, आणि फडक्यातला भाग दाढेवर ठेवा. चव आणि रस मिळतो, तुकडा सुटत नाही. नंतर बोटभर लांब पट्ट्या: मऊ उकडलेलं गाजर, लोण्यासारखं मऊ रताळं, मुगाच्या मऊ धिरड्याची पट्टी. पट्टी तुमच्याच हातात, एका वेळी तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढाच तुकडा तुटू द्यायचा. जेवणाच्या शेवटी लेकरू दमलेलं असतं तेव्हा हा सराव नको, सुरुवातीला करा.

जेवण संपलं की गालांच्या खोबणीत बोटानं किंवा मऊ ब्रशनं बघा. तिथं खिचडी साठून राहते आणि झोपेत घशात उतरते. दात-हिरड्या रोज दोन वेळा साफ करा. तोंडातले जंतू लाळेबरोबर छातीत जाणं हे या लेकरांच्या न्यूमोनियाचं एक कारण आहे.

पाणी

साधं पाणी सगळ्यात वेगानं पळतं, म्हणून सगळ्यात जास्त ठसका पाण्याला लागतो. बाटली किंवा चोचीचा कप तोंडात ओततो. लेकराला थांबवता येत नाही. मऊ प्लास्टिकचा छोटा पेला घ्या, त्याच्या एका बाजूला नाक बसेल एवढी खाच कापा, कड मेणबत्तीवर किंचित गरम करून गुळगुळीत करा आणि पूर्ण गार झाल्यावर धुवा. न कापलेल्या बाजूनं प्यायचं. पेला तिरका केला तरी नाकाला लागत नाही, त्यामुळे मान मागं न्यावी लागत नाही. कड खालच्या ओठावर टेकवा, पाणी ओठाला लागेपर्यंतच तिरका करा, एक घोट, थांबा.

दाट पेय काही लेकरांना सोपं जातं. ताकात शिजवलेली ज्वारीच्या पिठाची आंबील हे आपल्या घरातलं आयतं दाट पेय आहे. मिरची-लसूण न घालता, गाळून. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. आंबील गार होताना घट्ट होते, आणि पिठानं आलेला दाटपणा लाळेनं हळूहळू पातळ होतो. म्हणून पाणी दाट करायचं का आणि किती, हे तपासणीनंतर ठरवायचं. सगळंच दाट करून लेकरू तहानलेलं ठेवणं आणि मग मलावरोध, हे मी फार बघितलंय.

थोडक्यात जास्त पोषण

हे लेकरू मोजके घास खातं, तर प्रत्येक घासात दम हवा. एक चमचा तूप किंवा तेल म्हणजे साधारण ४५ कॅलरी. प्रत्येक वाटीत घाला. शेंगदाण्याचं कूट कोरडं कधीच नको, तेल सुटेपर्यंत वाटून खिचडीत शिजवा. अंगणवाडीतून ३ वर्षांपर्यंत मिळणारा घरपोच आहार वापरायला हरकत नाही, फक्त गाठी न होऊ देता शिजवा आणि गाळा. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान.

वजन दर महिन्याला अंगणवाडीत करून घ्या. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर तो तीव्र कुपोषणाचा इशारा आहे, त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. आणि डॉक्टर नळीनं किंवा पोटाला छिद्र करून आहार द्यायचं म्हणाले तर हार मानल्यासारखं वाटून घेऊ नका. पोट नळीनं भरलं की तोंडाचा सराव घाई न करता होतो. डॉक्टर परवानगी देतील तेवढी चव तोंडानं चालू ठेवता येते.

उमासा, ठसका आणि गुदमरणं

उमासा आला तर चेहरा लाल होतो, आवाज येतो, जीभ बाहेर येते. ते शरीराचं राखण आहे; शांत राहा, मान पुढं करा. ठसका जोरात येत असेल तर येऊ द्या, पाठीत धपाटे घालू नका, वरून पाणी पाजू नका.

आवाजच बंद झाला, रडू फुटत नाही, ओठ निळे पडायला लागले तर ते गुदमरणं. १ वर्षावरच्या लेकराला पुढं वाकवा, दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या मागच्या भागानं ५ जोरदार थापा. नाही निघालं तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मूठ ठेवा आणि आत-वर असे ५ झटके. पुन्हा थापा, पुन्हा झटके. वर्षाच्या आतलं असेल तर पोटावर झटके द्यायचे नाहीत. हातावर पालथं, डोकं खाली, ५ थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध एका तळहाताच्या मागच्या भागानं ५ दाब. दिसत नसलेला घास बोट घालून शोधू नका, आणखी आत जातो. दुसऱ्या माणसानं तोवर १०८ लावायचा. शुद्ध हरपली तर छातीवर दाब आणि तोंडानं श्वास देणं लगेच सुरू. हे वाचून येत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्सताईंकडून बाहुलीवर करून घ्या, आणि आजीला बरोबर न्या, कारण दिवसभर लेकरू तिच्यापाशी असतं.

घर, शेत आणि कोयता

भरवणारी माणसं जास्तीत जास्त दोन ठेवा. प्रत्येकाची रीत वेगळी असली की लेकरू गोंधळतं. येळवशीला (वेळ अमावस्येला) सगळं घर शेतात जातं तेव्हा या लेकराचंही पान मांडा. आंबील गाळून, भज्जी (त्या दिवशीची मिसळीची भाजी) तिखटाआधी बाजूला काढून बारीक वाटून. त्याची वाकळ आणि पाट गाडीत टाकायला विसरू नका. इतरांना खाताना बघणं हाही धडा असतो.

बीड-धाराशिवकडून ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची अडचण खरी मोठी. दिवाळीच्या सुमाराला फडावर गेलं की उन्हाळ्यापर्यंत थेरपी बंद. निघण्याआधी थेरपिस्टकडून चालू पायरी, बैठक आणि काय टाळायचं हे कागदावर लिहून घ्या. कोपीत (फडावरच्या झोपडीत) मिक्सर नसतो; लाकडी रवी, बारीक चाळणी आणि छोटा कुकर एवढ्यावर पहिल्या दोन पायऱ्या भागतात. बैठकीसाठी वाकळेच्या गुंडाळ्या आणि पाण्याचा रिकामा ड्रम टेकायला. पहाटेच्या घाईत भरवायचं टाळा, ते जेवण आई फडावरून परतल्यावर.

मदत कुठं

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात आणि जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. पथकानं नोंद केली की जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. पथकाची वाट न बघता तुम्हीही थेट जाऊन विचारू शकता. गुंतागुंतीच्या तपासणीसाठी छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडचं शंकरराव चव्हाण आणि लातूरचं विलासराव देशमुख ही शासकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण मिळतं, त्यात थेरपीचा खर्चही धरतात. त्यासाठी अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून ते काम आधी उरका.

थेरपिस्टकडे जाताना आदल्या दिवशीच्या जेवणाचा मोबाईलवर पाचेक मिनिटांचा व्हिडिओ घ्या, बाजूनं, चेहरा आणि मान दोन्ही दिसतील असा. दवाखान्यात अनोळखी माणसं बघून लेकरू खात नाही, व्हिडिओत खरं दिसतं. सोबत नेहमीचा चमचा, वाटी, घरची खिचडी, चालू औषधांची चिठ्ठी आणि अंगणवाडीचं वजनाचं कार्ड. भेटीची वेळ शक्यतो त्याच्या जेवणाच्या वेळेला जुळवून मागा.